स्पॅनिश आणि चिनी वाक्यं इंग्रजीवरून बेतू नका: मराठी विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका

नवी भाषा शिकायला घेतली की पहिल्या-दुसऱ्या धड्यातच एक तक्ता भेटतो: इंग्रजी, स्पॅनिश आणि चिनीत कर्ता-क्रियापद-कर्म, मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद. तक्ता खोटा नाही. पण तो पाहून आपण ठरवून टाकतो की त्या तिघी एका माळेचे मणी, तेव्हा मराठी बाजूला ठेवावी आणि इंग्रजी वाक्यातले शब्द तेवढे बदलावेत. बहुतेक चुका इथून सुरू होतात. ‘आय लाइक’, ‘आय सी हिम’ हे साचे स्पॅनिशमध्ये बसत नाहीत आणि चिनी वाक्याची घडण अनेक ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ आहे.

(खाली चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत, म्हणून बीजिंगचं ‘पैचिंग’ झालं आहे. चढउतारांचे सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत. ते ऐकूनच शिकावेत.)

‘यो गुस्तो’ म्हणू नका

‘मला आंबे आवडतात’ हे सांगायला ‘यो गुस्तो लोस मांगोस’ म्हटलं जातं. आय म्हणजे यो, लाइक म्हणजे गुस्तार, असा हिशेब. बरोबर वाक्य आहे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इथे कर्ता आंबे आहेत, क्रियापद त्यांच्यामागे चालतं आणि ज्याला आवडतं तो ‘मला’ होतो. म्हणजे मराठी जशीच्या तशी. आंबा आवडतो: गुस्ता. आंबे आवडतात: गुस्तान. वाचायला आवडतं: ‘मे गुस्ता लेएर’, एकवचनीच. इंग्रजी मातृभाषेचे विद्यार्थी या रचनेशी बराच काळ झगडतात. आपल्याला ती आयती मिळालेली आहे आणि तरी आपण ती सोडून देतो. ‘मे पारेसे’ (मला वाटतं) आणि ‘मे इंतेरेसा’ (मला त्यात रस आहे) याच जातीचे.

दोन ठिकाणी मात्र मराठी फसवते. ‘मारियाला कॉफी आवडते’ यात आपण ‘ला’ एकदा लावून मोकळे होतो. स्पॅनिशला ‘आ मारिया’ पुरत नाही, सोबत ‘ले’ लागतोच: ‘आ मारिया ले गुस्ता एल काफे’. आणि भूक-तहान या साच्यात येत नाही. ‘मला भूक लागली आहे’ याला स्पॅनिश म्हणते ‘तेंगो आंब्रे’, माझ्याकडे भूक आहे.

माणसापुढचा ‘आ’ गाळू नका

‘मी पुस्तक शोधतोय’ आणि ‘मी भावाला शोधतोय’: पहिल्यात प्रत्यय नाही, दुसऱ्यात ‘ला’ आहे. स्पॅनिशही तेच करते. ‘बुस्को मि लिब्रो’, पण ‘बुस्को आ मि एर्मानो’. इंग्रजीत असा फरक नाही, म्हणून इंग्रजीवरून आलेल्याचा ‘आ’ हमखास राहतो. कसोटी सोपी आहे: मराठीत ‘ला’ येतो का ते बघा.

ही कसोटी बारकाव्यातही टिकते. लग्नासाठी घरचे ‘मुलगी शोधतायत’ आणि गर्दीत हरवलेल्या ‘मुलीला शोधतायत’ यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्येही जी कोण मिळेल ती व्यक्ती हवी असेल तर ‘आ’ गळू शकतो; ठरावीक व्यक्ती असेल तर तो लागतो. ‘मला एक भाऊ आहे’ यातही ‘आ’ नाही: ‘तेंगो उन एर्मानो’.

‘बेओ लो’ नव्हे, ‘लो बेओ’

कर्म नाम असेल तर ते क्रियापदानंतर. सर्वनाम झालं की ते उडी मारून क्रियापदाच्या आधी येतं. ‘त्याला पाहतो’: ‘लो बेओ’. ‘तुला ते देतो’: ‘ते लो दोय’. शब्दक्रम थेट मराठीचा. अपवाद असे: होकारार्थी आज्ञेत सर्वनामं शेपटीला चिकटतात, ‘दामेलो’ (मला ते दे), नकारार्थी आज्ञेत पुन्हा पुढे येतात, ‘नो मे लो देस’. मूळ रूपातल्या क्रियापदाला दोन्ही चालतं: ‘किएरो बेर्लो’ किंवा ‘लो किएरो बेर’ (मला त्याला पाहायचं आहे). आणि ‘त्याला ते’ म्हणताना ‘ले लो’ असं कधीच येत नाही, त्याचं ‘से लो’ होतं. हा भाग तोंडपाठच करावा लागतो.

नकाराची एक चूक खास आपली. ‘कोणीच आलं नाही’ यात ‘नाही’ असतंच, म्हणून ‘नादिये नो बिनो’ निघून जातं. ‘नादिये’ क्रियापदाआधी असेल तर ‘नो’ नको: ‘नादिये बिनो’. नंतर असेल तर हवाच: ‘नो बिनो नादिये’.

चिनी: फक्त कर्म हलवा

‘वो ह छा त्साय च्या’ हे ‘आय ड्रिंक टी अ‍ॅट होम’चं भाषांतर झालं. चिनीत वेळ आणि क्रिया जिथे घडते ते ठिकाण, दोन्ही क्रियापदाच्या आधी येतात. ‘मी रोज सकाळी घरी चहा पितो’ हे मराठी वाक्य घ्या आणि फक्त ‘चहा’ उचलून शेवटी ठेवा: ‘वो मेइथ्येन त्साओशांग त्साय च्या ह छा’. झालं. ‘त्साय’ म्हणजे ‘मध्ये’, आणि तो नामाच्या आधी येतो, एवढंच लक्षात ठेवायचं.

ही युक्ती कालावधीपाशी अडते. ‘सात वाजता’ ही वेळ क्रियापदाआधी: ‘वो छी त्येन छ्र फान’, मी सात वाजता जेवतो. ‘दोन तास’ हा कालावधी क्रियापदानंतर: ‘वो श्वेइ ल ल्यांग क श्याओश्र’, मी दोन तास झोपलो. ‘केव्हा’चं उत्तर आधी, ‘किती वेळ’चं नंतर.

नामाचं वर्णन करणाऱ्या वाक्यांशातही इंग्रजी आडवी येते, कारण तिच्यात तो नामामागे लटकतो. चिनीत तो पुढे येतो आणि ‘त’ने जोडला जातो. ‘वो त्सुओथ्येन माय त शू’: मी काल घेतलेलं पुस्तक. शब्दाला शब्द जुळतो. ‘त’ म्हणजे आपलं ‘-लेलं’. फक्त ‘जे पुस्तक मी काल घेतलं ते’ असा जे-तेचा विचार करू नका, त्याने वाक्य फुटतं.

प्रश्नातही तसंच. होय-नाहीच्या प्रश्नात शेवटी ‘का’ लावतो तसा ‘मा’: ‘नी ह छा मा?’, तू चहा पितोस का? प्रश्नशब्द असेल तर तो जागचा हलत नाही आणि ‘मा’ गळतो: ‘नी छ्र शन्म?’, तू काय खातोस? इथे ‘मा’ जोडला तर अर्थ ‘तू काही खाणार का?’ असा होतो.

‘पा’ची रचना कर्माला क्रियापदाआधी आणते, म्हणून ती मराठी कानाला गोड लागते आणि मग जिथे-तिथे वापरली जाते. ‘वो पा शू फांग त्साय चुओत्स शांग’, मी पुस्तक टेबलावर ठेवलं, हे बरोबर. ‘वो पा शू फांग’ मात्र अर्धवट आहे, कारण त्या वस्तूचं पुढे काय झालं ते सांगावंच लागतं. वस्तूही ठरावीक हवी. आवडणं, माहीत असणं अशा क्रियांना ‘पा’ चालत नाही, कारण त्यांनी वस्तूचं काही होत नाही.

‘आहे’चा मोह टाळा. ‘ती उंच आहे’चं ‘था श्र काओ’ नव्हे, ‘था हन काओ’. हा ‘हन’ एरवी ‘खूप’, पण इथे त्याला वजन नाही. तुलनेत तोही जातो: ‘था पी वो काओ’, ती माझ्यापेक्षा उंच आहे. मोजताना संख्या आणि नामात मोजशब्द हवाच, ‘सान पन शू’, तीन पुस्तकं. ‘तीन जण’मधल्या ‘जण’सारखा, पण जवळपास प्रत्येक नामाला. आणि नकाराचा ‘मेइ’ आला की घडलेल्या क्रियेचा ‘ल’ काढा: ‘वो मेइ छ्र फान’, मी जेवलो नाही.

इंग्रजीत मात्र मराठी आवरा

‘जरी… तरी’वरून ‘ऑल्दो… बट’ होतं. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच ठेवा. स्पॅनिशमध्येही ‘आउंके’ पुरे. चिनीत मात्र ‘स्वेइरान… तानश्र’ ही जोडी सर्रास चालते, तिथे आपली सवय बरोबर ठरते.

‘ही टोल्ड टू मी’ हा ‘मला’मधला ‘ला’ आहे, ‘टू’ काढा. ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ मध्ये प्रश्नाचा क्रम आत शिरला आहे. ‘व्हेअर ही इज’ करा. आणि पाऊस पडताना ‘इट’ फक्त इंग्रजीला लागतो: स्पॅनिश एका शब्दात ‘युएबे’ म्हणते, चिनी ‘श्या यू ल’. त्यांच्यापुढे कर्ता शोधून बसवू नका.