पावसाळ्यात खाडीपलीकडच्या गावी जायचे असेल तर

दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर धोपावे दिसते. जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे जायला काही मिनिटे पुरतात. पण ती बोट बंद असली तर तेच धोपावे दापोली, खेड, चिपळूण आणि गुहागर असा वळसा घेऊन शंभराहून अधिक किलोमीटर लांब जाते. बाणकोट खाडीवरची वेश्वी–बागमांडला, राजपुरी खाडीवरची आगरदांडा–दिघी आणि जयगड खाडीवरची तवसाळ–जयगड या फेऱ्यांचीही गत वेगळी नाही. रायगड-रत्नागिरीच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः गणपतीला, गावी जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी आणि खाडीकाठी बारमाही राहणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे.

निघण्यापूर्वी दोन मार्ग कागदावर लिहावेत: एक बोटीचा आणि एक बिनबोटीचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दोन मार्गांची फाटाफूट नेमकी कोणत्या गावी होते ते ठरवून ठेवावे. मुंबईहून गुहागरला जाणाऱ्याला दाभोळची बोट बंद असल्याचे खेडमध्ये कळले, तर तो महामार्गाने सरळ चिपळूण गाठतो आणि त्याचे फारसे काही बिघडत नाही. हेच दापोली ओलांडून दाभोळच्या उतारावर कळले, तर आलेला सगळा रस्ता उलटा तुडवावा लागतो. म्हणून चौकशीचा फोन खेडमध्येच करायचा. आगरदांड्याच्या बोटीने श्रीवर्धनकडे जाणाऱ्यांसाठी हाच विचार वडखळला करावा लागतो. पुलावर विसंबणाऱ्यांनीही पर्याय हाताशी ठेवावा. सावित्री नदीवरचा आंबेत–म्हाप्रळ पूल काही वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा वाहतुकीला पुन्हा फेरीबोटीचाच आधार घ्यावा लागला. आणि महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा मागून येणाऱ्या एसटी गाड्यांना पुढे पूल नाही हे कळायलाही वाव मिळाला नाही.

यानंतर पाण्याची वेळ पाहावी. खाडीत गाळ साचलेला असतो आणि मुखाशी वाळूचा दांडा असतो, त्यामुळे ऐन ओहोटीला, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातल्या खोल ओहोटीला, बोटीला धक्क्याला लागणे अवघड जाते आणि फेऱ्या लांबतात. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पाणी भरते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून गणेश चतुर्थीला पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी व रात्री नवाच्या आसपास ओहोटी. आदल्या दिवशी, हरतालिकेला, भरती सव्वादोनच्या सुमारास येईल. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक निघू शकते, म्हणून बोट गाठण्यासाठी अखेर त्या बंदराचे छापील भरतीचे वेळापत्रकच पाहावे. पण घरी बसून सकाळी निघायचे की दुपारी, एवढे ठरवायला तिथी पुरते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी असते आणि बोटीचे काम त्या मानाने सुरळीत चालते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बोटीला जी भरती सोयीची, तीच रस्त्याला गैरसोयीची ठरू शकते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडत असताना उधाणाची भरती आली, की नदीचे पाणी समुद्रात उतरायला जागा उरत नाही आणि ते मागे तुंबते. सावित्रीकाठचे महाड आणि वाशिष्ठीकाठचे चिपळूण या दोन्ही गावांना याचा जुना अनुभव आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा वाशिष्ठीवरच्या पुलाचाही भाग खचला होता. त्यामुळे अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास हवामान खात्याने जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल, तर बोट आणि महामार्ग दोन्ही एकाच वेळी हातचे जाऊ शकतात असे धरून चालावे आणि प्रवास पुढे ढकलावा. ढकलणे शक्य नसेल तर कोकण रेल्वे त्यातल्या त्यात बरी. ती पावसाळी वेळापत्रकाने, कमी वेगाने धावते आणि दरड आली किंवा पुलाशी पुराचे पाणी चढले तर थांबते, पण बोटीसारखी ती रोजच्या भरती-ओहोटीवर अवलंबून नाही. वरंध आणि आंबेनळी हे घाट पावसाळ्यात वरचेवर बंद होतात. पुण्या-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी ते गृहीत धरू नयेत.

चौकशी कशी करावी हेही शिकावे लागते. एका वर्षी मी इंटरनेटवर दिसलेल्या वेळेवर विसंबून संध्याकाळी एका धक्क्यावर पोहोचलो, तर बोट दुपारपासून दोरखंडाने बांधून ठेवलेली होती आणि तिकिटाच्या खिडकीत एक छत्री तेवढी वाळत होती. तेव्हापासून मी नुसते “बोट चालू आहे का?” असे विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला “चालू आहे” हेच उत्तर मिळते. शेवटची फेरी किती वाजता सुटली, पुढची कधी सुटणार, तिच्यात गाडी घेणार की नुसती माणसे, आणि संध्याकाळची अखेरची फेरी पावसात आधी सोडतात का, हे चार प्रश्न विचारावेत. फोन धक्क्यावरच्या माणसाला करावा. तो उचलत नसेल तर तिथल्या चहाच्या टपरीवाल्याला करावा, कारण त्याला बोट समोर दिसत असते. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा, बावटा लागल्याचे कळले तर पुढची चौकशी करण्याची गरज नाही.

धक्क्यावर पोहोचल्यानंतरची पंधरा मिनिटे सर्वांत जोखमीची असतात. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर हिरवट शेवाळ असते. दुचाकी तिथे घसरते आणि चालणाऱ्याचाही पाय सटकतो. गाडीत चालकाशिवाय कोणीही बसू नये, म्हाताऱ्या माणसांना वरच उतरवावे. काही बोटींवर गाडी उलटी चढवावी लागते. अशा वेळी घरच्यांच्या सूचना न ऐकता फक्त खलाशाच्या हाताकडे पाहावे. बोटीवर चढल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून हॅन्डब्रेक ओढावा, आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत ते बोट सुटण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घ्यावे. बोट खच्चून भरली असेल तर ती सोडून द्यावी. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी आपल्यासारखीच सणाला गावी निघालेली होती.

स्वतःचे वाहन नसलेल्यांनी एसटीचा विचार उलट बाजूने करावा. खाडीकाठच्या गावांत वस्तीची गाडी रात्री येते आणि पहाटे परत जाते. पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आले की ती अलीकडच्या गावातूनच वळवतात. म्हणून शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा टप्पा पायी पडेल असे समजून सामान बांधावे आणि वाटेतल्या साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावरून, पाणी जात असेल तर गुडघाभर दिसले तरी त्यात उतरू नये.

गावात राहणाऱ्यांची तयारी आगोटीलाच, म्हणजे पावसाळा तोंडावर असतानाच, व्हायला हवी. तांदूळ, डाळ, सुके मासे आपण आठवणीने भरतो. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मात्र पंधरा दिवसांच्याच आणतो, त्या दीड-दोन महिन्यांच्या आणाव्यात. घरात गरोदर बाई असेल तर दिवस भरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तिला रुग्णालयाच्या बाजूच्या काठावर, नातेवाइकांकडे ठेवावे. 108 ची रुग्णवाहिका बोलावताना आपण खाडीच्या कोणत्या बाजूला आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा या किनाऱ्यावर झाडांनी रस्ते अडले आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस मोबाइलही बंद राहिले. त्या अनुभवानंतर आमच्या ओटीवर, दाराच्या मागच्या भिंतीवर, ऑइलपेंटने नंबर रंगवून ठेवले आहेत: जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077, धक्क्याचा, आगाराचा, आणि रात्री-अपरात्री स्वतःची होडी काढणाऱ्या शेजारच्या वाडीतल्या तांडेलाचा. त्याच्या नंबरापुढे कंसात त्याच्या घराची खूण लिहिली आहे, कारण फोन लागला नाही तर बॅटरी घेऊन चालतच जावे लागते.