स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता फेरीला मुलासोबत जाताना करायची तयारी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये ठराव केला आणि २००८ पासून २ एप्रिल हा दिवस जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्यामुळे आपल्याकडच्या फेऱ्या ऐन उन्हाळ्यात, बहुधा त्या सुमारास येणाऱ्या एखाद्या रविवारी सकाळी निघतात. मी माझ्या मुलाबरोबर अशा फेऱ्यांना गेले आहे. जे पालक यंदा पहिल्यांदाच आपल्या मुलाला घेऊन येणार आहेत, त्यांच्यासाठी ही यादी लिहीत आहे. सगळ्यात आधी घरातल्या मोठ्यांनी एक गोष्ट आपसांत ठरवून टाकावी: मूल दहा मिनिटांत परत फिरले तरी आपण फेरीला जाऊन आलो, असेच म्हणायचे. एवढे ठरले की पुढच्या तयारीतला निम्मा ताण कमी होतो, आणि आपला ताण कमी झाला की मुलाचाही होतो.

आदल्या रविवारी, फेरीच्याच वेळी, मुलाला घेऊन तो रस्ता एकदा चालून यावे. फेरी पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर असेल तर पदपथ रुंद आहेत, बसायला जागा आहे आणि संभाजी उद्यान हाताशी आहे. पण वाहतूक एकेरी असल्याने मध्येच गाडी बोलावून निघायचे झाले तर ती कोणत्या बाजूने येईल आणि कुठे थांबेल, हे आधी पाहून ठेवावे लागते. मेट्रो आवडणाऱ्या मुलांना मेट्रोने नेणे सोयीचे पडते. मात्र संभाजी उद्यान आणि डेक्कन ही दोन्ही स्थानके नदीच्या बाजूला आहेत, तेव्हा तिथून रस्त्यापर्यंतचे चालणेही हिशेबात धरावे. या चक्करीत मोबाइलवर पाच-सहा फोटो काढावेत: जमायची जागा, स्वच्छतागृह, शांत बसता येईल असा कोपरा, फेरी संपते ती जागा, परतीचे वाहन आणि शेवटी आपल्या घराचे दार. हे फोटो छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून क्रमाने लावले की मुलाच्या हातात त्या दिवसाचा नकाशा येतो. त्याखाली त्याला समजतील अशी छोटी वाक्ये लिहावीत: ‘रविवारी आपण चालायला जाणार. तिथे खूप लोक असतील. आवाज मोठा वाटला तर मी आईचा हात दाबेन. मग आपण बागेत बसू.’ थेरपिस्ट ज्याला सोशल स्टोरी म्हणतात ती हीच. ती आठवडाभर रोज रात्री एकदा वाचावी, आणि जे निश्चित नाही ते तिच्यात लिहू नये. ‘मजा येईल’ हे वाक्य मी आमच्या गोष्टीतून दुसऱ्याच वर्षी काढले, कारण मजा येईलच याची खात्री मला देता येत नव्हती आणि माझा मुलगा लिहिलेला शब्द खरा धरतो.

टी-शर्टकडे मात्र पुरेसे लक्ष द्यावे. आयोजक तो बहुधा आदल्या दिवशी देतात. नव्या कापडाला खळ असते, छातीवरची छपाई जाड आणि चिकट लागते, मानेमागचे लेबल टोचते. शक्य असेल तर चार दिवस आधी मागून घ्यावा, दोनदा धुवावा, लेबल शिलाईच्या टोकापर्यंत उसवून काढावे (कात्रीने कापले तर उरलेली कड जास्त टोचते) आणि घरात रोज अर्धा तास घालायला द्यावा. आमच्याकडे एकदा इतके करूनही छपाईचा स्पर्श सहन होईना. मुलगा नखाने अक्षरे खरवडत बसला. शेवटी टी-शर्ट उलटा करून त्याच्या रोजच्या मऊ सुती बनियनवर घातला आणि तो तसाच चालला. कोणी विचारले तर ‘त्याला असा बरा वाटतो’ एवढे उत्तर पुरेसे असते.

आवाजाविषयी आयोजकांना आधीच फोन करावा. पुण्यात कोणताही चांगला कार्यक्रम ढोल-ताशाशिवाय सुरू होत नाही. पथकातली मुले मनापासून वाजवतात, याविषयी शंका नाही. पण ज्यांच्यासाठी फेरी काढली त्यांच्यातल्या अनेकांना तो आवाज शब्दशः दुखतो. पथक, कर्कश ध्वनिवर्धक, शिट्ट्या आणि फुगे यांतले काय काय असणार आहे हे स्पष्ट विचारावे आणि नसलेले बरे, हेही नम्रपणे सांगावे. काही वर्षांपूर्वी एका फेरीत सुरुवातीची खूण म्हणून स्वयंसेवकाने अगदी जवळ शिट्टी फुंकली. माझा मुलगा कान घट्ट दाबून पदपथावर आडवा झाला. भोवती कडे झाले, दोघांनी मोबाइल वर धरले. त्या दिवसापासून आमच्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले असते. असा मेल्टडाउन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणे, झाला तर एकजण मुलाजवळ खाली बसतो आणि बोलत नाही. दुसरा लोकांकडे तोंड करून उभा राहतो आणि जागा मोकळी करून घेतो. तिसरे कोणी असेल तर ते पाण्याची बाटली आणि पिशवी सांभाळते. समजावणे, ओरडणे, ओढून उभे करणे यांतले काहीही त्या वेळी उपयोगाचे नसते.

पिशवीत आवाज कमी करणारे हेडफोन, टोपी, मुलाची नेहमीची पाण्याची बाटली, लिंबू-सरबत किंवा ओआरएस, त्याला चालणारा डबा, एक जादा चड्डी-पँट, ओला रुमाल आणि हातात खेळवायची त्याची वस्तू असावी. वाटपातला वडा किंवा केळे तो खाईल असे गृहीत धरू नये. एप्रिलात नऊनंतर ऊन चटकायला लागते, आणि तहान लागल्याचे स्वमग्न मुलाला सांगता येईलच असे नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांनी आपण होऊन पाणी द्यावे. काही मुलांना फिट्सचाही त्रास असतो. त्यांची सकाळची गोळी चुकू देऊ नये, पुरेशी झोप होऊ द्यावी आणि तातडीचे औषध बरोबर घ्यावे. चित्रपाटीवरची चित्रे दाखवून किंवा टॅबवर बोलणाऱ्या मुलाचे ते साधन मुलाच्याच गळ्यात हवे. पिशवीत ठेवले की त्याचे बोलणेच बंद होते.

हरवण्याचा विचार नकोसा वाटतो, तरी करावा. घरातून निघताना त्याच दिवसाच्या कपड्यांतला मुलाचा फोटो काढावा. खिशात नाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ‘बोलत नाही, कृपया हात धरू नका, फोन करा’ अशी ओळही त्यात असावी. एका वेळी मूल कोणाच्या ताब्यात आहे हे मोठ्याने सांगून बदलावे, कारण दोघांनाही दुसऱ्याकडे आहे असे वाटते तेव्हाच मूल निसटते. पाण्याची ओढ असलेली मुले सरळ पाण्याकडे जातात. मुठा नदी त्या भागात जवळ आहे, तेव्हा मूल दिसले नाही तर पहिला माणूस नदीच्या बाजूला धावेल, दुसरा ११२ ला फोन करेल.

फलकावर काय लिहायचे हे मुलांना, विशेषतः मोठ्या स्वमग्न मुलामुलींना, विचारावे. ‘पीडित’, ‘ग्रस्त’ हे शब्द टाळावेत. स्वमग्नता हा बरा करायचा आजार नाही. येणाऱ्या आजी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे कोणी ‘होईल हो बरा’ म्हटल्यावर त्यांची तारांबळ उडत नाही. छायाचित्रांना नकार द्यायचा असेल तर नावनोंदणीच्या वेळीच लेखी द्यावा.

शेवटी माहितीचे टेबल असल्यास विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोजलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, तरी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) न काढलेली कितीतरी घरे मला भेटतात. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, तोही अनेकांना ठाऊक नसतो.

त्या रविवारी दुपारी पाहुणे, लग्न, खरेदी असे काही ठेवू नये. घरी आल्यावर पडदे ओढावेत, पंखा लावावा, नेहमीचा वरणभात द्यावा आणि ‘कसे वाटले?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवावा. चित्रांच्या पुठ्ठ्यावरचे घराच्या दाराचे शेवटचे चित्र मात्र मुलाला स्वतःच्या हाताने उलटे करू द्यावे.