दम्याचा माणूस वाळत चालला तर जेवण कसं सांभाळावं

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या आत्याने जन्मात विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार. घरात सगळे दमाच म्हणतात. अंगावरचं मांस उतरलं तेव्हा 'वय झालं' म्हणून आम्ही गप्प बसलो. एके दिवशी तिची काकणं कोपरापर्यंत सरकलेली पाहिली आणि पोटात धस्स झालं.

अशा माणसाचा श्वासच अन्न खातो. नुसता श्वास ओढायला त्याला निरोग्यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती लागते. जेवताना धाप लागते म्हणून तो कमी जेवतो. मग छातीचे आणि छाती-पोटामधल्या पडद्याचे स्नायू झिजतात, खोकून कफ काढायचं बळ राहत नाही, आणि छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा गाठतो.

आधी वजन करा, मग दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर. सहा महिन्यांत 5 टक्के, म्हणजे 45 किलोच्या माणसाचं सव्वादोन किलो उतरलं, तर डॉक्टर गाठा. थुंकीची तपासणीही करून घ्या, क्षयातही माणूस असाच वाळतो. पाय सुजलेले असतील तर सुजेतल्या पाण्याच्या वजनाने काटा फसवतो.

आता पेज. सकाळी दहाची पेज गोव्यात कोण सोडणार? सोडूही नये. पण पातळ पेज आणि लोणच्याची फोड, एवढ्यावर भागत नाही. उकड्या तांदळाची पेज दाट ठेवा, वर चमचाभर तूप, मूठभर ओलं खोबरं, सोबत अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ किंवा उकडलेलं अंडं. अशा रुग्णाला किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. 45 किलोला 54 ते 67 ग्रॅम. एका अंड्यात सहाच मिळतात, 100 ग्रॅम बांगड्यात वीसेक. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सुक्या मासळीत मीठ फार, ती चवीपुरती.

बांगडा काटे काढून, कुस्करून द्या. काटे निवडण्यातच आत्याचा दम संपायचा आणि अर्धा बांगडा ताटात राहायचा. आम्हाला वाटायचं, तिला नुस्तं (मासळी) आवडेनासं झालंय!

पोट भरलं की पडदा वर दाबला जातो, म्हणून तीन ताटांऐवजी पाच-सहा वाट्या. जेवणाआधी अर्धा तास विसावा, जेवताना ताठ बसणं आणि गप्पा बंद. पाणी नंतर. ऑक्सिजन चालू असेल तर नळी काढू नका. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येतं.

नुसतं खाऊन स्नायू भरत नाहीत, थोडी हालचाल हवीच. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आत्या सोप्यातल्या बाकावरून पाचदा उठते-बसते. सहाव्यांदा सांगितलं की मला शिव्या घालते, त्याही एका दमात.