थीम पार्कमध्ये कॅरेक्टर व्हायचंय? ऑडिशनमधल्या या चुका टाळा

डिस्नीच्या पार्कमध्ये मिकी, गूफी किंवा प्लूटो बनून वावरणाऱ्या कलाकाराला बोलता येत नाही, चेहरा दाखवता येत नाही आणि लोकांसमोर डोक्यावरचा मुखवटा काढणं तर अजिबात चालत नाही. उरतं फक्त शरीर. चांगली नाचणारी मुलंमुली ऑडिशनमध्ये मागे पडतात ती बहुतेक इथेच. त्यांनी तयारी नाचाची केलेली असते आणि निवडणारे शोधत असतात दुरूनही बोलणारं अंग.

इथे मी मुख्यतः फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्नी पार्कांच्या ऑडिशन डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. तिकडच्या मराठी घरांतली कॉलेजच्या वयातली मुलं याबद्दल विचारत असतात. पण खोपोलीच्या इमॅजिकामध्ये किंवा मॉल आणि इव्हेंटमध्ये मॅस्कॉटचं काम शोधणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

जाहिरात अर्धवट वाचून जाणं

कॅरेक्टर परफॉर्मर, फेस कॅरेक्टर आणि परेड डान्सर ही तीन वेगळी कामं आहेत. पूर्ण मुखवट्याच्या कॅरेक्टरसाठी नृत्याचं शिक्षण लागतंच असं नाही. परेड डान्सरकडून मात्र नृत्याची पक्की तयारी अपेक्षित असते. राजकुमारीसारख्या उघड्या चेहऱ्याच्या भूमिकांमध्ये चेहरेपट्टी, आवाज आणि संवाद बघतात. तिन्हींसाठी एकच तयारी करून गेलात तर एकाही ठिकाणी नीट बसणार नाही.

वय 18 पूर्ण हवं आणि अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर हक्क आधीपासून हवा. मावशीकडे सुट्टीला आलेल्या भाचीला पर्यटक व्हिसावर हे काम करता येणार नाही, ती कितीही गुणी असली तरी. विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा आणि मगच नाव नोंदवा. हे सगळं निवड झाल्यावर कळलं तर फार जीव तुटतो.

उंची फुगवून सांगणं

सुरुवातीलाच उंची मोजली जाते. पोशाख ठरावीक उंचीसाठीच बनतात, आणि दिवसभरात एकाच कॅरेक्टरच्या आत वेगवेगळे कलाकार असले तरी बाहेरून ते एकसारखंच दिसायला हवं. म्हणून दोन इंच इकडेतिकडे झाले की नाचायची वेळ येण्याआधीच नाव वगळलं जाऊ शकतं. यात तुमच्या कलेवर कोणी शेरा मारलेला नसतो, त्या दिवशी त्या मापाची गरज नसते इतकंच.

बुटक्या मुलींनी तर इथे ताठ मानेनं जावं. मिकी आणि मिनीसाठी साधारण पाच फूट किंवा त्याहून कमी उंचीचे कलाकार लागतात. गूफीसाठी सहा फुटांच्या आसपासचे. लग्नाच्या स्थळांपासून डान्स ग्रुपच्या मागच्या रांगेपर्यंत जिने 'उंची कमी पडते' हेच ऐकलं आहे, तिची उंची इथे जमेची बाजू ठरते.

चेहऱ्याने अभिनय करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या मुलींची नजर आणि भुवया तयार असतात. वर्षानुवर्षं गुरूंनी त्याचाच रियाज करून घेतलेला असतो. मुखवटा चढला की त्यातलं काहीच बाहेर पोचत नाही. मुखवट्याचं हसू कायमचं तेच. मिकी रुसला आहे हे लोकांना त्याच्या पडलेल्या खांद्यांवरून, आत वळलेल्या पायांवरून आणि खाली गेलेल्या नाकावरून कळतं. नाक विसरू नका. बघणारे लोक नाकाची दिशा हीच कॅरेक्टरची नजर समजतात. समोरच्या छोट्या मुलाकडे तुम्ही डोळे वळवून पाहिलंत तरी मुखवटा भलतीकडेच बघत राहतो. अख्खी मान, आणि बऱ्याचदा अख्खं धड वळवावं लागतं.

ऑडिशनमध्ये हे तपासायला छोटे मूकाभिनयाचे प्रसंग देतात. समजा सांगितलं की पाऊस आला आहे आणि छत्री उलटी झाली आहे. नवखा कलाकार इथे दहा गोष्टी एकदम करतो: भिजतो, थरथरतो, छत्री ओढतो, घसरतो, वर तोंडाने 'अरे देवा' पुटपुटतो. बघणाऱ्याला एकही धड समजत नाही. आधी पाऊस जाणवू द्या. थांबा. मग छत्री उघडा. थांबा. मग वारा येऊ द्या. हालचाल मोठी, स्वच्छ, आणि तिच्यानंतर क्षणभर स्थिर राहणं, एवढं जमलं की निम्मं काम होतं. हा स्थिर क्षणच नवख्यांना सगळ्यात अवघड जातो, कारण तिथे आपण काहीच करत नाही असं वाटतं. पण नेमका तेव्हाच प्रेक्षक समजून घेत असतो.

घरी सराव करायचा असेल तर पुठ्ठ्याचा कोरा मुखवटा करा. श्वासाला आणि डोळ्यांना मोकळी जागा ठेवा. फोनवर एक प्रसंग चित्रित करा आणि आवाज बंद करून आजीला किंवा शेजारच्या मुलाला दाखवा. काय चाललंय ते त्यांना लगेच ओळखता आलं पाहिजे. तुम्हाला समजावून सांगावं लागलं तर पुन्हा करा.

आपल्याकडे या विद्येची मोठी परंपरा आहे. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिला असेल तर मुखवटे घातलेली सोंगं संबळाच्या तालावर कशी नाचतात ते आठवा. मान, खांदे आणि पायांची ठेवण यांतूनच सगळा आवेश उतरतो. एखाद्या संध्याकाळी जाऊन नीट बघा, कार्यशाळांच्या जाहिरातींपेक्षा ते जास्त शिकवून जाईल.

स्टेप चुकली की चेहरा पाडणं

नृत्याचा तुकडा छोटा असतो. आठ-आठच्या काही काउंटचा, तिथल्या तिथे शिकवलेला, आणि लगेच छोट्या गटांत करून दाखवायचा. चुकायला होतंच. पण चुकल्यावर जीभ चावणं, शेजारच्याचे पाय बघणं, मध्येच थांबून 'सॉरी' म्हणणं हे निवडणाऱ्यांना स्टेपपेक्षा जास्त खटकतं, कारण परेडमध्ये फ्लोट, म्हणजे सजवलेला चित्ररथ, तुमच्यासाठी थांबत नाही. विसरलात तर ताल धरून अंग हलतं ठेवा, पुढच्या 'एक'ला पकडा, चेहरा प्रसन्न ठेवा.

परेडसाठी आणखी एक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक असतात, काही जमिनीवर बसलेले, काही मागे बाबांच्या खांद्यावर. फक्त समोरच्या टेबलाकडे बघून नाचणारा कलाकार रस्त्यावर अर्ध्या लोकांना पाठ दाखवणार हे निवडणाऱ्यांना कळतं. लेझीम किंवा ढोल-ताशा पथकात राहिलेल्यांना चालता चालता रांग आणि अंतर राखायची सवय असते. हा अनुभव अर्जात जरूर लिहा. गणपतीची मिरवणूक ही काय सांगायची गोष्ट, असं समजून बरेच जण तो गाळतात, ते चूक आहे.

नटूनथटून येणं

'अलादीन'मधल्या राजकुमारी जॅस्मिनच्या भूमिकेसाठी दक्षिण आशियाई मुली उत्साहाने जातात, आणि काही जणी पोशाख, विग, काजळाच्या जाड रेघा असा पूर्ण सरंजाम घेऊन. तसं करू नका. निवडणाऱ्यांना तुमचा मूळ चेहरा बघायचा असतो, बाकीचं त्यांचा मेकअप विभाग करतो. अंगाबरोबर राहणारे साधे कपडे, चेहऱ्यावरून मागे घेतलेले केस, नाचता येतील असे बूट. संवाद हातात पडल्यावर पहिल्यांदाच वाचून दाखवायचे असतात, म्हणून घरी कुठलाही इंग्रजी उतारा न थांबता मोठ्याने वाचण्याची सवय ठेवा.

उष्णतेला कमी लेखणं

17 जुलै 1955 रोजी डिस्नीलँड उघडलं तेव्हा कॅरेक्टरचे पोशाख बर्फावरच्या एका शोकडून, आइस कॅपेड्सकडून, उसने आणले होते. थंडगार रिंकसाठी केलेले ते पोशाख कॅलिफोर्नियाच्या भर उन्हाळ्यात! आताचे पोशाख खूप सुधारले आहेत. तरी आत उकडतंच, दिसतंही थोडंच, आणि गुडघ्याशी येऊन बिलगलेलं मूल नजरेच्या टप्प्यात येत नाही. म्हणून बाहेरच्या फेऱ्या छोट्या ठेवतात, मधे विश्रांती देतात आणि सोबत एक अटेंडंट असतो.

ऑडिशनच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नका, आदल्या दिवसापासून पाणी प्या. दमा असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर तो लपवू नका. गर्दीत, मुखवट्याच्या आत त्रास सुरू झाला तर तो तुमच्यासोबत समोरच्या मुलांसाठीही धोक्याचा आहे. अशांनी फेस कॅरेक्टर किंवा परेड डान्सरकडे वळावं हे उत्तम.

फी भरणं

डिस्नी ऑडिशनसाठी पैसे घेत नाही. 'परदेशी पार्कमध्ये निवड नक्की' म्हणत नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागणारा कोणीही असो, तिथून निघा. जाहिरात पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते आधी तपासा. मुंबई-पुण्यात मुलींच्या बाबतीत हे विशेष जपायला हवं. पत्ता, वेळ आणि सोबत कोण आहे हे घरी सांगून जा.

नकाराचा चुकीचा अर्थ लावणं

कारण बहुधा सांगत नाहीत. त्या आठवड्यात तुमच्या मापाच्या जागा भरलेल्या असू शकतात आणि पुढच्या हंगामात त्याच रिकाम्या होऊ शकतात. जाहिरातीत पुन्हा येण्याआधी थांबायची मुदत दिली असेल तर ती पाळा आणि पुन्हा जा. उंचीवर बाहेर पडला असाल तर तयारीत काही बदलू नका. मूकाभिनयानंतर बाहेर पडला असाल तर फोनवरचे जुने व्हिडिओ काढा आणि थांबायच्या जागा शोधा.

निवड झाल्यावर न विचारणं

आनंदाच्या भरात सही करून टाकतात. तासाचा दर किती, आठवड्याला किती तासांची खात्री, उन्हाळ्यात फेरी किती मिनिटांची, दुखापत झाली तर काय, हे लेखी मागा. फ्लोरिडात डिस्नीच्या कॅरेक्टर कलाकारांची बाजू टीमस्टर्स संघटना मांडते. कॅलिफोर्नियातल्या कॅरेक्टर आणि परेड कलाकारांनी मे 2024 मध्ये 953 विरुद्ध 258 मतांनी ॲक्टर्स इक्विटी या संघटनेत जायचा कौल दिला. म्हणजे हे प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. भारतात इव्हेंट कंपनीकडून मॅस्कॉटचं काम घेताना तर आणखी दोन गोष्टी ठरवून घ्या: कपडे बदलायला बंद खोली आणि मुखवटा चढल्यापासून उतरेपर्यंत सोबत एक माणूस. हे द्यायला जो तयार नाही, त्याचं काम घेऊ नका.