एअर पिस्तूलवरून २५ मीटरला जाताय? आधी साइटच्या स्क्रूवरचा हात काढा

चार वर्षं १० मीटर एअर पिस्तूल खेळल्यावर मी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूलला उतरले. तेव्हा वाटलं होतं, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खाच आणि टोक) तशीच, हात तोच, फक्त आवाज मोठा. प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेम धरायच्या पहिल्या टप्प्यापुरतं, ते बऱ्यापैकी खरं निघालं. पाच मिनिटांत पाच गोळ्या, अशा सहा सिरीज. तिथे एअरची शिस्त कामाला येते. पहिल्या मॅचला माझे प्रिसिजनमध्ये ३०० पैकी २७४ आले. रॅपिड या झटपट गोळ्यांच्या दुसऱ्या टप्प्यात २३१. त्यातल्या दोन गोळ्या तर लाल दिवा लागल्यावर सुटल्या, म्हणजे दोन शून्यं. वरळीहून बसने दादर, तिथून डोंबिवली लोकल. घर येईपर्यंत मी कोणाशी एक शब्द बोलले नव्हते.

रॅपिडचा नियम तुम्हाला माहीत असेलच: ७ सेकंद लाल, ३ सेकंद हिरवा, एका हिरव्यात एकच गोळी. हिरवा लागेपर्यंत हात खाली, लंबरेषेपासून ४५ अंशांच्या आत. आधी उचललात तर ताकीद मिळते, पुन्हा झालं तर गुण कापतात. हे सगळं पाठ होतं मला. तरीही ज्यात अडकले, ते नीट सांगते, कारण माझे त्यात दोन महिने गेले.

एअरमध्ये आपण हात निशाणाच्या वर नेतो, सावकाश खाली आणतो, साइट स्थिरावू देतो आणि मग बोट दाबतो. रॅपिडमध्ये हात खालून वर येतो. तो पोचेपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो. तिथे पोचून मी सवयीने साइट शांत व्हायची वाट बघायचे, मग दिवा जाईल या भीतीने एकदम खेचायचे. त्यात एअरचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा, म्हणजे सुटायला तेवढा दाब लागणारा, इथे १००० ग्रॅमचा. इतकं वजन एका झटक्यात ओढलं की उजव्या हाताच्या नेमबाजाची नळी खाली डावीकडे जाते. माझा सगळा ग्रुप तिथेच, सात-आठच्या रिंगमध्ये.

आणि मी काय केलं? रिअर साइट (मागची खाच) स्क्रूने फिरवली. चार क्लिक उजवीकडे, तीन वर.

दोन दिवस गुण वाढले. सापळा आहे तो इथेच. प्रत्येक गोळी सारख्याच झटक्याने सुटत होती, म्हणून चुकीला चुकीची दुरुस्ती फिट बसली. मग जी एखादी गोळी खरोखर स्वच्छ सुटायची, ती वर उजवीकडे जायची, आणि मला वाटायचं हीच बिघडली. म्हणजे चांगलं बोट मी स्वतःच्या हाताने मोडत होते.

याचा संशय येत नाही, कारण प्रिसिजनहून रॅपिडला जाताना साइट बदलणं चूक नसतं. प्रिसिजनला बरेच जण काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्यात धरतात, रॅपिडला मधोमध. त्यामुळे उंचीचे ठरावीक क्लिक बदलावे लागतात. ते वहीत लिहून ठेवा आणि तेवढेच फिरवा. फक्त रॅपिडलाच गोळ्या डावीकडे जात असतील, तर दोष स्क्रूत शोधू नका.

मला हे कळलं ते डमी, म्हणजे न उडणाऱ्या गोळीमुळे. रेंज ऑफिसरांना सांगून एका ज्येष्ठ नेमबाज ताईंनी माझं मॅगझिन स्वतः भरलं. पाचात एक डमी, कितवी ते मला माहीत नाही. तिसऱ्या हिरव्याला नुसतं ‘टक’ झालं, धक्का नाही, आवाज नाही, आणि फ्रंट साइट (पुढचं टोक) माझ्या डोळ्यांदेखत खाली डावीकडे बुडाली. पिस्तूल तसंच समोर धरून मी कितीतरी वेळ बघत राहिले. ताई एवढंच म्हणाल्या, “आता साइटचे स्क्रू होते तिथे आण.”

त्याआधी मी ज्यांच्याकडे शिकत होते, ते दर सिरीजनंतर मॉनिटरवरचे ठिपके बघून सल्ला द्यायचे. माझ्या बोटाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. असे प्रशिक्षक कितीही मोठ्या नावाचे असोत, सोडा. “ट्रिगर जरा हलका करून देतो” म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. वजन तपासणीत १००० ग्रॅम उचललं नाही तर ते पिस्तूल मॅचला चालत नाही. आणि पहिल्या वर्षात स्वतःचं पिस्तूल घ्यायची घाई नको. पॉइंट टूटूला (२५ मीटरच्या या .२२ पिस्तुलाला) परवाना लागतो, गोळ्या महाग पडतात. क्लबचं पिस्तूल पुरतं.

उपाय मात्र महाग नाही. हात मांडीपासून सुटला की बोटावर वजन यायला लागलं पाहिजे. निशाणाच्या खालच्या कडेशी पोचेपर्यंत बरंचसं वजन घेतलेलं हवं, म्हणजे मध्यावर आल्यावर थोडंच उरतं. नजर दिव्यावर ठेवू नका; निशाणाच्या मध्याच्या उंचीवर ठेवा, हिरवा कडेने दिसतो. दिव्यावरून साइटवर नजर आणण्यात जो वेळ जातो, तो या खेळात परवडत नाही.

रॅपिडचा काळा गोल ५० सेंटिमीटरचा असतो. भिंतीपासून ३ मीटरवर उभं राहिलात तर तो ६ सेंटिमीटरचा होतो. आमच्या हॉलमध्ये तेवढंच अंतर मिळतं. मी काळा कागद कापून खांद्याच्या उंचीवर चिकटवलाय, मोबाइलवर ७ आणि ३ सेकंदांचे बीप रेकॉर्ड केलेत, आणि रिकामं एअर पिस्तूल ड्राय फायरवर (गोळी न सुटता नुसता ट्रिगर दाबता येतो) टाकून रोज साठ वेळा हात उचलते. आधी पडदे ओढून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा, हे विसरू नका.

एअर बिघडेल ही भीती मलाही होती. पण मनू भाकरने पॅरिसला २०२४ मध्ये एअरमध्ये ब्राँझ घेतलं आणि त्याच आठवड्यात २५ मीटरला चौथी आली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये याच २५ मीटरला सुवर्ण घेतलं. दोन्हीचे सराव वेगळ्या दिवशी ठेवा, बोटांचा गोंधळ कमी होतो.

गेल्या मॅचला माझे रॅपिडचे २६२ झाले. चौथी गोळी अजून उशिरा सुटते. तिसरी चांगली गेली की मी पुन्हा साइट शांत व्हायची वाट बघायला लागते. सध्या रोजच्या साठातले वीस हात फक्त त्या चौथ्या गोळीसाठी आहेत.