धूमकेतू पाहायचा आणि टिपायचा, तर आधी क्षितिज शोधा

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात आला, तेव्हा पहिली संध्याकाळ मी साताऱ्यात घराच्या गच्चीवर वाया घालवली. दुर्बीण लावून ठेवली होती, कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होती, आकाशही मोकळं होतं. पण धूमकेतू यवतेश्वराच्या डोंगराआड होता. शहराच्या पश्चिमेला हा डोंगर आहे हे लहानपणापासून माहीत, तरी तो आकाशाचे किती अंश झाकतो हे मी कधी मोजलंच नव्हतं. म्हणून दुर्बिणीबद्दल नंतर, आधी जागेबद्दल.

धूमकेतू सर्वांत तेजस्वी होतात ते बहुधा सूर्याजवळ आल्यावर. त्यामुळे ते दिसतात सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, आणि तेही खाली, क्षितिजालगत. त्सुचिनशान-अ‍ॅटलास २७ सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळ होता आणि १२ ऑक्टोबरच्या आसपास संध्याकाळी दिसू लागला. ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आधीच मावळतो आणि पूर्ण अंधार व्हायला आणखी सव्वा तास जातो. तोवर धूमकेतूही उतरत असतो. हाताशी उरतो जेमतेम पाऊण तास.

दोन दिवस आधी उजेडात जागेवर जा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते. पश्चिमेचा डोंगर एका मुठीपेक्षा उंच असेल तर जागा बदला. साताऱ्याहून चाळकेवाडीचं पठार उत्तम, तिथे पश्चिम मोकळी मिळते. मात्र वारा जबर असतो आणि पवनचक्क्यांचे लाल दिवे चौकटीत येतात, त्यामुळे पवनचक्क्यांकडे पाठ होईल अशी बाजू निवडा. कासला जायचं असेल तर वन विभागाला आधी विचारा, आणि फुलांच्या हंगामात पठारावर पाय ठेवू नका. त्या रस्त्याला रात्री गवे आडवे येतात, म्हणून एकट्यानं जाऊ नये. सांगली-मिरजेकडे डोंगराचा अडसर नाही, अडसर आहे तो धुरळ्याचा आणि गळीत हंगामात पाचट जाळल्यावर पसरणाऱ्या धुराचा. दंडोबाच्या डोंगरावर चढलात की त्यातला बराच थर खाली राहतो.

धूमकेतू नेमका कुठे आहे हे स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या प्रणालीत पाहा, पण आधी त्यातली धूमकेतूंची माहिती अद्ययावत करून घ्या, नाहीतर जुन्या कक्षेवरची जागा दिसते. जवळचा एखादा ठळक तारा खुणेला धरा. त्या ऑक्टोबरात डावीकडे शुक्र आणि उजवीकडे स्वाती अशा दोन खुणा होत्या. २०२५ च्या दिवाळीत लेमन धूमकेतू आला, त्यालाही स्वातीवरूनच शोधता आलं.

बातम्यांत धूमकेतूची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, वाचून फसू नका. चौथ्या प्रतीचा तारा एका बिंदूत चमकतो. चौथ्या प्रतीच्या धूमकेतूचं तेवढंच तेज मोठ्या पट्ट्यात पसरलेलं असतं, म्हणून तो बराच फिका वाटतो. शिवाय क्षितिजापासून १० अंशांवर हवेचा जाड थर सुमारे एक प्रत आणखी खातो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलकडे एकदा पाहिलं की ती मोडते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावा. सोबत्यांनाही आधीच सांगून ठेवा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय त्या दिशेला दुर्बीण किंवा बायनॉक्युलर फिरवू नका. क्षणभर सूर्य आत आला तरी डोळा कायमचा जातो. लहान मुलं सोबत असतील तर दुर्बिणीचं झाकण मोठ्या माणसानंच काढावं.

शोधायला सुरुवात १०×५० च्या बायनॉक्युलरनं करा. त्यात साधारण सहा अंश आकाश मावतं, त्यामुळे डोकं आणि शेपटी एकत्र दिसतात. आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) असेल तर २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावा. नळीची नाभीय लांबी १२०० मिमी असेल तर प्रतिमा ४८ पट मोठी होते आणि जेमतेम अंशभर आकाश मावतं. म्हणजे शेपटीचा बराच भाग बाहेर राहतो, पण डोक्याचा गाभा सुंदर दिसतो. गाभ्याकडे रोखून पाहू नका. नजर थोडी बाजूला ठेवली की डोळ्याचा जास्त संवेदनशील भाग कामाला येतो आणि फिकी शेपटी वर सरकताना जाणवते. मग नळीला हलकीशी टिचकी मारा. हलणारी फिकी वस्तू डोळा चटकन पकडतो. शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते, म्हणून संध्याकाळी ती वर जाताना दिसेल. सरळ, निळसर शेपटी वायूची आणि वाकलेली, पिवळसर शेपटी धुळीची. डोक्याचा हिरवा रंग द्विअणू कार्बनचा, पण तो डोळ्यापेक्षा कॅमेऱ्यात जास्त उठून येतो.

आता कॅमेरा. ट्रायपॉड पाय न लांबवता खाली ठेवा आणि मधल्या हुकाला पिशवी टांगा. चाळकेवाडीच्या वाऱ्यात एवढ्यानंच निम्मे फोटो वाचतात. ५० मिमीची लेन्स, छिद्र २.८, आयएसओ १६००, फाइल रॉ. आपोआप फोकस बंद करून लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करा आणि तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा. शटरचा वेळ काढायला ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आलेल्या उत्तराला आणखी दीडनं भागा. ५० मिमीला असे साडेसहा सेकंद येतात, त्यापुढे तारे रेघा होतात. बटण दाबताना होणारी थरथर टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा. एका फोटोवर थांबू नका, निदान चाळीस-पन्नास घ्या. शेवटी लेन्सवर झाकण लावून त्याच वेळेचे दहा-पंधरा काळे फोटोही घ्या. सेन्सरवरचे खोटे ठिपके पुढे त्यांच्याच आधारे वजा होतात.

कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारा ट्रॅकर असेल तर ध्रुव साधावा, म्हणजे त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागेल. साताऱ्यात ध्रुवतारा जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे दोन मुठींच्याही खाली असतो, त्यामुळे उत्तरेचं क्षितिजही पाहून ठेवा. ट्रॅकर ताऱ्यांच्या गतीनं फिरतो, धूमकेतू त्यांच्यातून सरकत असतो. तो दिवसाला दोन अंश चालत असेल तर मिनिटाला पाच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. २०० मिमीच्या लेन्सवर हे साधारण एक पिक्सेल होतं, म्हणून एकेक फोटो मिनिटभराच्या आतच ठेवा.

घरी आल्यावर डीपस्कायस्टॅकर या, फोटो एकावर एक रचणाऱ्या मोफत प्रणालीत फोटो टाका. धूमकेतूची मांडणी निवडली की पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भाच्या फोटोत गाभ्यावर खूण करावी लागते. मधल्या जागा ती फोटोंच्या वेळेवरून काढते. म्हणून निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावा. ते राहून गेलं तर सगळी रात्र पाण्यात.

पहाटेच्या धूमकेतूसाठी दवाची तयारी हवी. ऑक्टोबर ते जानेवारीत आपल्याकडे काच तासाभरात ओली होते. काळ्या पुठ्ठ्याची नळी करून लेन्सपुढे बसवा, लांबी व्यासाच्या दीडपट. ओली काच पुसू नका, गरम हवेनं वाळवा.

त्याच रात्री वहीत नोंद करा: वेळ, जागा, डोक्याचा अंदाजे व्यास, शेपटीची लांबी आणि दिशा. वेळ जागतिक लिहायची असते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. संध्याकाळचे ७ म्हणजे १३:३०. तेजस्विता ठरवायला बायनॉक्युलर मुद्दाम धूसर करा, शेजारचे तारे धूमकेतूएवढे फुगले की प्रतीची तुलना सोपी जाते.

आणि दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं असेल तर त्याच ताऱ्यांची चौकट पुन्हा टिपा. २०२४ च्या १५ ऑक्टोबरच्या सुमारास त्सुचिनशान-अ‍ॅटलास एम-५ या तारकागुच्छाजवळून गेला. छोट्या लेन्समध्ये तो गुच्छही धुरकट ठिपकाच दिसतो. दोन रात्रींचे फोटो एकावर एक ठेवले की जो ठिपका जागचा हलला, तो धूमकेतू.