मोर, घुबडं, मधमाश्या आणि फवारणी: या चुका टाळा

शेतात मेलेला मोर दिसला की पहिला संशय फवाऱ्यावर जातो. फवारा निर्दोष नसतोच, पण पक्ष्यांच्या बाबतीत घोळ बऱ्याचदा त्याच्या आधी किंवा नंतर होतो. पेरताना सांडलेलं बियाणं, बिळाबाहेर राहिलेलं आमिष, ओढ्यात धुतलेला पंप. ही कामं घाईत होतात आणि त्यांच्यावर कोणाचं लक्ष नसतं.

धुऱ्यावर सांडलेलं बियाणं

बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं बियाणं मातीखाली गेलं की पक्ष्यांपासून सुरक्षित असतं. अडचण होते ती पेरणी यंत्र वळतं तिथे. यंत्र उचलताना आणि टेकवताना नळीतले दाणे वर पडतात. डबा भरताना मूठभर सांडतात. सकाळी तित्तर, पारवे, लांडोरी नेमक्या तिथेच चरतात.

दाणा किती घातक, याचा साधा हिशेब करा. किलोभर मक्याला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा 3 ग्रॅम क्रियाशील घटक बसला, तर 0.3 ग्रॅमच्या एका दाण्यावर जवळपास 1 मिलिग्रॅम येतं. 25 ग्रॅमच्या चिमणीला तेवढं पुरतं. चिमणी अख्खा दाणा गिळत नाही हे खरं, पण ती टोचते ते टरफल, आणि विष टरफलावरच असतं.

उपाय सोपा आहे. डबा शेतात न भरता ताडपत्रीवर भरा. यंत्र पूर्ण टेकल्यावरच पुढे जा आणि उचलण्याआधी बियाणं बंद करा. सोयाबीन 3 ते 4 सेंटिमीटर खोल जातंय ना, हे दोन-तीन ओळींत उकरून पाहा. पेरणी उरकली की दोन्ही धुऱ्यांवरून फिरून दिसतील ते दाणे पायाने मातीआड करा. अर्ध्या तासाचं काम आहे. उरलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं कोंबड्यांना किंवा जनावरांना घालू नका, उकिरड्यावर तर अजिबात टाकू नका.

उंदरांचं आमिष: कुठे चुकतं

झिंक फॉस्फाइडचं आमिष 1 किलो करायचं तर 960 ग्रॅम भरडलेलं धान्य, 20 ग्रॅम खाद्यतेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाइड. हातमोजे घालून काठीने कालवायचं. ते 10 ग्रॅमच्या कागदी पुडीत बांधून बिळात खोल सारायचं आणि बीळ लिंपून टाकायचं. यातली शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. पुडी तोंडाशी ठेवली की उंदीर ती बाहेर ओढतो, कागद फाटतो, दाणे पसरतात. तित्तरासारख्या पक्ष्याला त्यातलं अर्धा ग्रॅमही घातक ठरू शकतं.

दुसरी चूक म्हणजे सगळ्याच बिळांत आमिष. पहिल्या दिवशी सगळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. त्यांत दोन दिवस विष नसलेलं तेलकट धान्य ठेवा, म्हणजे उंदराची भीती मोडते. चौथ्या दिवशी संध्याकाळी विषाची पुडी. असं केलं तर पुड्या कमी लागतात आणि आमिष खाल्लं न जाता पडून राहत नाही.

ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाचं गणित वेगळं आहे. त्याने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून, अडखळत उघड्यावर फिरतो. पिंगळा, गव्हाणी घुबड, कापशी घार यांना असा उंदीर आयताच मिळतो, आणि त्याच्या शरीरातलं विष त्यांच्या पोटात जातं. त्यामुळे ब्रोमाडिओलोन वापरलंत तर पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ फेरी मारून मेलेले आणि अर्धमेले उंदीर उचला, दोन फूट खोल पुरा. हे जमणार नसेल तर ते वापरू नका. ज्या शेतात घुबडाची जोडी आहे तिथे तर आमच्या मते आधी तिला काम करू द्यावं.

रानडुकरांसाठी कणकेच्या गोळ्यात विष घालणं हा प्रकार अजून चालतो. तो वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे शिकारीतच मोडतो, आणि तो गोळा कुत्रा, कोल्हा, मुंगूस कोणीही खातं. पीक नुकसानीसाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो.

त्रिकोणाच्या रंगावर भरवसा

लेबलवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण सस्तन प्राण्यांवरची तीव्र विषबाधा सांगतो. मधमाशी, मासा, बेडूक यांच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. स्पिनोसॅड या कीटकनाशकाचा ओला फवारा मधमाशीला मारतो, वाळल्यावर धोका बराच उतरतो. हिरव्या त्रिकोणाचं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे कीटकनाशक मधमाशीला तुलनेने सौम्य, पण पाण्यातल्या किड्यांना जहाल. लेबलच्या घडीत आत छापलेली मधमाश्या आणि मासे यांच्याबद्दलची ओळ वाचल्याशिवाय निवड करू नका.

तुरीच्या फुलोऱ्यात शेंगा पोखरणारी अळी आली की सकाळी दहाला फवारणी सुरू होते. नेमक्या त्याच वेळी सातेरी, फुलोरी, आग्या या सगळ्या मधमाश्या फुलांवर असतात. दिवेलागणीला फवारा. कांदा बीजोत्पादनात तर फुलोऱ्यात कीटकनाशक म्हणजे स्वतःच्याच बियाण्यावर कुऱ्हाड, कारण माशी नाही तर दाणा भरत नाही. शेजारी मधपेट्या असतील तर दोन दिवस आधी कळवा.

बुरशीनाशक निरुपद्रवी, म्हणून ते कीटकनाशकात मिसळून एकाच पंपात मारणं हीसुद्धा चूकच. प्रोपिकोनॅझोलसारखी काही बुरशीनाशकं मधमाशीची विष पचवण्याची ताकद कमी करतात, मग एरवी सोसलं असतं तेवढं कीटकनाशकही जीव घेतं.

पक्षीथांबे उभे ठेवून फवारणी

हरभऱ्यात पक्षीथांबे (पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) लावायचे आणि त्याच आठवड्यात जहाल औषध मारायचं, हे म्हणजे पाहुण्याला बोलावून विषारी ताट वाढणं. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू तडफडणारी अळी आधी टिपतात. अर्जेंटिनात 1995-96 च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं गेलं, तेव्हा ते नाकतोडे खाऊन स्वेन्सनचे बाज हजारोंनी मेले. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस 36 एसएलवर 2023 च्या आदेशाने बंदी आली, फोरेट हे कीटकनाशक 2020 अखेर बंद झालं. जुना डबा घरात असेल तर तो वापरून संपवायचा नाही.

फवारणी अटळ असेल तर थांबे आदल्या दिवशी काढा आणि काही दिवसांनी परत रोवा. फवारणी ठरवण्याआधी मीटरभर ओळीत किती अळ्या आहेत ते मोजा. सरासरी एकही भरत नसेल तर पंप खाली ठेवा.

उरलेलं औषध आणि पंप

औषध उरतं कारण अंदाजाने बनवलेलं असतं. एका गुंठ्यावर साध्या पाण्याने फवारून पाहा. 5 लिटर लागलं तर एकराला 200 लिटर. रिकाम्या बाटलीत पाव भाग पाणी घालून 30 सेकंद हलवा, पाणी पंपातच ओता, असं तीनदा, मग बाटलीला भोक पाडा. पंपाची टाकी शेतातच दोन-तीन लिटर पाण्याने हलवून ते पाणी त्याच पिकावर फवारा. ओढ्यात पंप बुडवला तर खालच्या डोहातले बेडूकमासे आणि खेकडे आधी जातात.

बांधावर तणनाशक मारायची सवयही सोडा. एकदांडीची फुलं पीक नसताना माश्यांचं अन्न असतात. टिटवीची अंडी दिसली तर जवळ काठी रोवा आणि तेवढा तुकडा सोडून फवारा.

आजारी किंवा मेलेलं सापडलं तर

शेततळ्यात मासे पालथे झाले तर आधी प्राणवायू कमी पडला का ते तपासा. तसं असेल तर मासे पहाटे वर येऊन तोंड मारतात आणि मोठे आधी मरतात. विष असेल तर लहान-मोठे सगळे मरतात, वेळ कोणतीही, आणि पाण्यातले किडेही सोबत.

मधपेटीसमोर जीभ बाहेर काढलेल्या, थरथरणाऱ्या माश्यांचा खच दिसला तर आसपास फुलोऱ्यात कोणी काय फवारलं ते त्याच दिवशी विचारा.

पक्षी लाळ गाळतोय, पंख लोंबतायत, बोटं आकडल्यासारखी वळली आहेत, ही ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणं आहेत. पाणी-दूध पाजू नका. हातमोजे घालून, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. मोर मेलेला असेल तर पुरू नका, पंचनामा होईपर्यंत कुत्रं-कावळा जवळ येणार नाही एवढं पाहा. पक्ष्याला पशुवैद्याकडे नेताना औषधाचं लेबल सोबत न्या. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन चालतं, इमिडाक्लोप्रिडला त्याचा उपयोग नाही, आणि ब्रोमाडिओलोन असेल तर व्हिटॅमिन के लागतं.